पोस्टकार्डाएवढी फट

कोल्हापूर सोडलं त्या सकाळी आमच्या गल्लीतल्या तीन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही आमच्या विरहाचं नव्हतं. दारात रुग्णवाहिका उभी, तिचं मागचं दार सताड उघडं आणि मी पदर खोचून आत चढतेय, एवढंच त्यांनी पाहिलं. समोरच्या काकू तर हातातली परात तशीच घेऊन धावत आल्या.

"शोभे, काय झालं गं? छातीत दुखतंय व्हय?"

"न्हाय ओ काकू. जैसलमेरला चाललोय. राजस्थानात."

"अगं बाई! इतक्या लांब न्यायला लागतंय?"

त्यांची समजूत काढण्यातच अर्धा तास गेला. वाचकांचीही तशीच गल्लत होऊ नये म्हणून सांगते, की ही रुग्णवाहिका आमचीच. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान सर्जेराव, एकोणीस वर्षं एका धर्मादाय दवाखान्याची ही गाडी चालवत होते. दवाखान्यानं नवी गाडी घेतली आणि ही भंगारात काढायचं ठरलं, तेव्हा या माणसाला जेवण जाईना. शेवटी गाडीच घरी घेऊन आले. आत एका बाजूला त्यांनी स्वतःच्या हातानं शेगडीचा ओटा, सागवानी कपाट आणि एक लांबलचक ड्रॉवर केला. दुसऱ्या बाजूचं स्ट्रेचर तसंच ठेवलं. दिवसा ते माझं कामाचं टेबल, रात्री माझा पलंग. सर्जेराव खाली सतरंजीवर. बाहेरून सगळ्या गाडीला सायीचा रंग दिला, पण त्या तांबड्या अधिकच्या खुणेनं काही पाठ सोडली नाही. ऊन पडलं की ती रंगाच्या आतून हळूच वर यायची.

माझा धंदा पेट्यांचा, म्हणजे हार्मोनियमचा. पेठ वडगावला माझे वडील, आण्णा, पेट्या दुरुस्त करायचे. त्यांना मुलगा नव्हता आणि मला शाळेची गोडी नव्हती, त्यामुळं दोघांचंही भागलं. सुरांच्या पितळी पात्या कानशीनं घासायच्या कशा, भात्याला कातडं कसं लावायचं, पट्ट्या कशा रंधायच्या, सगळं त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकले. गणपतीपासून दत्तजयंतीपर्यंत आमच्याकडं भजनी मंडळांची रीघ असते. कोडोलीपासून मुरगूडपर्यंतच्या पेट्या माझ्या हाताखालून गेल्यात. दत्तजयंती झाली की मात्र दोन महिने माशा मारत बसायचं.

आदल्या वर्षी कोल्हापुरात लोककलावंतांचा मेळा भरला होता. तिथं जैसलमेरच्या मुरादखाँ नावाच्या वयस्कर गवयाच्या पेटीचा भाता ऐन कार्यक्रमाच्या आधी फाटला. कुणीतरी मला उचलून नेलं. मी तासाभरात ठिगळ लावून दिलं. मुरादखाँ माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "बहनजी, आमच्याकडं घरटी पेटी आहे आणि दुरुस्त करणारा दीडशे कोसांवर. एक हिवाळा या." ते वर्षभर सर्जेरावांच्या डोक्यात किडा होऊन बसलं. मोबाईल अजून आमच्या खिशात आले नव्हते. एका एसटीडी बूथवरून निरोप धाडला आणि दत्तजयंतीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो.

रस्त्यात मजाच मजा. रुग्णवाहिका बघून ट्रक बाजूला होत. सुरतेच्या अलीकडं एका पोलिसानं तर सगळी वाहतूक अडवून आम्हाला वाट करून दिली आणि वर सलाम ठोकला. मी मागं बसून भाकरी थापत होते. "अहो, सांगा की त्यास्नी," मी म्हटलं. सर्जेराव मान ताठ ठेवून म्हणाले, "गप बस. एकोणीस वर्षांची सवय हाय, मला सलाम पचतोय." दोन ठिकाणी देवळाशी गाडी लावून मी भजनी मंडळांच्या पेट्या नीट करून दिल्या. एकीकडं खिचडी-कढी मिळाली, दुसरीकडं उसाची मोळी.

बाडमेर सोडलं आणि पहिला अपघात झाला. तो ड्रॉवर. उन्हाळ्यात बसवला होता, पहिल्याच पावसात फुगला आणि तेव्हापासून दोन्ही हातांनी ओढून, वर एक लाथ घातल्याशिवाय उघडत नव्हता. तोच ड्रॉवर एका खड्ड्यासरशी सळ्ळकन बाहेर आला, सगळाच्या सगळा, आणि त्यातला कांदा-लसूण चटणीचा डबा गाडीभर सांडला. सर्जेरावांना अशा शिंका सुटल्या की गाडी बाभळीखाली थांबवावी लागली. मी तर जाम भडकले. दोन महिन्यांची चटणी होती ती!

"सुतारकाम तुमचं! मेला ड्रॉवर घरी उघडंना, आणि इथं आपलाआपण पळतोय!"

डोळे पुसत ते म्हणाले, "आगं, आजवर उघडत न्हाय म्हणून वरडत हुतीस, आता उघडला म्हणून वरडतीस. माणसानं करायचं तरी काय?"

वरवरची चटणी भरून घेतली. निम्मी वाचली. ड्रॉवरला सुतळी बांधली आणि तो विषय मी डोक्यातून काढून टाकला. तिथंच चुकलं, पण ते पुढं येईलच.

जैसलमेर लांबून दिसतं ते एकदम. दोन्हीकडं सपाट माळ, खुरटी झुडपं, एखादा उंट, आणि मग अचानक टेकडीवर पिवळाधमक किल्ला. सर्जेरावांनी वेग कमी केला. "मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा रचल्यात जणू," ते म्हणाले. खरंच तसाच रंग, नव्या गुळाचा. गाव जवळ आलं तशी घरंही त्याच दगडाची निघाली. खिडक्यांना दगडाचीच जाळी, इतकी नाजूक की मी गाडीतून उतरून एका जाळीला बोट लावून बघितलं. आतून एका बाईनं हसून मलाच विचारलं, "कांई देखो?" (काय बघताय?) मी म्हटलं, "हात बघते, ज्यानं केली त्याचा."

मुरादखाँच्या वस्तीजवळ मोकळं मैदान होतं, तिथं गाडी लावली. मुरादखाँ दोन्ही हात पसरून आले. डोक्यावर लहरियाचा फेटा, मिश्या पांढऱ्याशुभ्र, आवाज मात्र असा की हाक मारली तरी गाणं वाटावं. त्यांची बायको हवाबाई, आखूड बांध्याची, तोंडानं फटकळ, थेट आमच्या कोल्हापूरची शोभावी अशी. तिनं पहिल्याच दिवशी सोगरा (बाजरीची जाड भाकरी), केर-सांगरीची भाजी आणि वाटीभर तूप पुढं ठेवलं. मी तूप भाकरीवर घेतलं तर ती ओरडली, "इत्तो सो?" (एवढंसंच?) आणि वाटीच उपडी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीपुढं रांग लागली. मला वाटलं, वा, काय नाव झालंय आपलं! पहिल्या आजीबाईंनी घागरा वर करून गुडघा पुढं केला. दुसऱ्या माणसाची दाढ सुजली होती. तांबडी खूण उन्हात लख्ख दिसत होती. मी सांगून सांगून थकले की इथं फक्त पेट्या दुरुस्त होतात. सर्जेरावांनी मात्र आजींच्या गुडघ्याला बाम चोळून दिला, कारण रांगेतल्या माणसाला रिकामं परत पाठवायची त्यांना सवय नाही. दुपारपासून खऱ्या पेट्या यायला लागल्या. लोक सर्जेरावांना "उस्तादजी" म्हणायचे, आणि ते अंगठ्यानं माझ्याकडं दाखवायचे. "उस्ताद वो है. मैं डायव्हर."

पहिली पेटी मुरादखाँची. ती स्ट्रेचरवर ठेवताना त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि काय अडलंय ते सांगितलं. मांगणियार गवयांची घरं पिढ्यान् पिढ्या एकेका जजमानाशी (यजमान घराण्याशी) बांधलेली. त्या घरात लग्न असो, बारसं असो, गाणं यांचंच. मुरादखाँच्या जजमानाच्या धाकट्या मुलीचं लग्न संक्रांतीनंतर सहाव्या दिवशी होतं. पण पेटी वर्षभर धापा टाकत होती आणि मुरादखाँच्या चुलतभावानं बॅटरीवर चालणारी नवी पेटी आणली होती. जजमानाच्या घरचे थोरले दाता (घरातले वडीलधारे) म्हणाले होते, की या लग्नात जुनी पेटी बोलली तर ठीक, नाहीतर पुढचं गाणं चुलतभावाकडं.

"माझा आवाज आता या पेटीच्या खांद्यावर हात ठेवून चालतो," मुरादखाँ म्हणाले. "ही बसली की मीही बसलो."

मी छाती ठोकून म्हटलं, "दहा वर्षं बघायला नको, अशी करून देते."

पेटी उघडली. भाता जुना, तो बदलायचाच होता. चार सूर उतरले होते. पण पट्ट्या बघून मी कपाळाला हात लावला. एकीला एक खेटून, मधून केस जाणार नाही अशा.

"कुठल्या गाढवानं बसवल्यात या?"

"म्हारा अब्बाजी," मुरादखाँ शांतपणे म्हणाले. माझ्या वडिलांनी.

मी जीभ चावली. पण जीभ चावली म्हणून अक्कल आली असं नाही. आमच्याकडं पट्टी बसवायचा एक नियम आहे. दोन पट्ट्यांच्या मधे पोस्टकार्ड सरकलं पाहिजे. आषाढात लाकूड फुगतं. फट नसेल तर पट्ट्या एकमेकींना धरून बसतात आणि ऐन भजनात पेटी मुकी होते. आण्णा पोस्टकार्ड घालून बघायचे आणि ते अडलं तर माझ्या डोक्यात टपली मारायचे. त्या टपल्या मी चाळीस वर्षांनीही विसरले नव्हते. मी रंधा काढला आणि मुरादखाँच्या सगळ्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी तासल्या. पोस्टकार्ड कसं लोण्यातून जावं तसं जाऊ लागलं. मला फार समाधान वाटलं.

पुढच्या नऊ दिवसांत मी अकरा पेट्या केल्या, आणि अकराही तशाच. ज्यांच्या पट्ट्या तुटल्या होत्या त्यांना कोल्हापूरहून नेलेल्या सागाच्या नव्या पट्ट्या बसवल्या. लोक पेटी वाजवून बघायचे आणि "घणी चोखी!" (फार छान) म्हणत न्यायचे. संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात गाणं व्हायचं. सर्जेरावांनी वाचलेल्या चटणीचा तांबडा रस्सा करून सगळ्या वस्तीला घातला. ही माणसं लाल मांसाच्या जहाल रश्श्यावर वाढलेली, त्यांना काय तिखट लागणार! हवाबाई वाटी चाटून म्हणाली, "मिर्च कम है."

मधे एक दिवस सुट्टी घेऊन वाळूच्या टेकड्या बघायला गेलो. सर्जेरावांना किती सांगितलं, डांबरी सोडू नका. "आगं, पन्हाळ्याच्या चिखलातनं काढल्यात मी पेशंट," असं म्हणून त्यांनी गाडी वाळूत घातली. चाकं बुडाली ती आसापर्यंत. शेवटी एका उंटवाल्यानं दोर बांधून उंटाकडून ओढून काढली. रुग्णवाहिकेला उंट ओढतोय, मागून मी ढकलतेय आणि चार परदेशी पाहुणे फोटो काढताहेत. त्या फोटोंत माझं तोंड कसं आलं असेल देव जाणे. त्या वाळूवरची सूर्यास्ताची वेळ मात्र अजून डोळ्यांपुढं आहे. वारा पडला होता आणि कुठंही, कशाचाही आवाज नव्हता. कोल्हापूरच्या माणसाला तेवढी शांतता बाधते. सर्जेराव उगाच मोठ्यानं खाकरले.

संक्रांतीला मी घरच्या गुळाचे तिळाचे लाडू वळले आणि सकाळी ताट घेऊन गाडीच्या पायरीवर उभी राहिले. समोरून एक गवई पेटी डोक्यावर घेऊन येत होता. मी लाडू पुढं केला, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

त्यानं लाडू घेतला, पेटी खाली ठेवली आणि कसनुसं हसून म्हणाला, "बहनजी, मैं तो बोल दूँ. ये पेटी मीठा नहीं बोल रही."

मी भाता हलवून बघितला. एकही पट्टी न दाबता पेटी आपोआप ओरडत होती, पाच-सहा सूर एकदम. पट्ट्यांना हात लावला तर त्या दातांसारख्या हलत होत्या. पट्टी बाजूला सरकली की तिच्या खालचं कातडं भोकावर नीट बसत नाही, वारा निसटतो आणि सूर लागून राहतो. मी म्हटलं, एखादी बिघडली असेल. दुपारपर्यंत सात आल्या. संध्याकाळपर्यंत अकरा. शेवटची मुरादखाँची. त्यांनी स्वतः आणली आणि एकदा भाता हलवून दाखवला. त्यांच्या वडिलांची पेटी कुत्र्याच्या पिलासारखी केकाटली.

लाडवाचं ताट तसंच राहिलं. मला रडूच कोसळलं. आण्णांनी शिकवलेलं सगळं नीट केलं होतं, मग हे कसं झालं? रात्रभर स्ट्रेचरवर तळमळले. सकाळी कानस हवी होती म्हणून वैतागून ड्रॉवरला हिसका दिला. सुतळी तुटली आणि अख्खा ड्रॉवर माझ्या मांडीवर येऊन आदळला. मी कळवळले. सर्जेराव धावले. मी त्या ड्रॉवरकडं बघत बसले. मग तो खाचेत परत सरकवून बघितला. दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी जागा झाली होती.

"अहो," मी म्हटलं, "लाकूड आटलंय!"

"मग?"

"मग काय मग! इथं पाऊस न्हाय. हवेत ओल न्हाय. माझ्या टाचा फुटल्या, ओठ फुटले, ते दिसलं, आणि लाकडाचं दिसलं न्हाय! आपल्याकडचा साग इथं आटतोय. आणि त्यांची लाकडं आधीच वाळून खडंग झालेली, ती मी तासली. पावसासाठी फट सोडली मी, या गावात!"

सर्जेराव पायरीवर बसले. म्हणाले, "त्यांच्या वडलांनी खेटून बसवल्या हुत्या, ते बरोबर हुतं म्हण की."

"व्हय. गाढव मी."

मी तशीच मुरादखाँची पेटी उचलून त्यांच्या अंगणात गेले आणि सांगून टाकलं. चूक माझी, तुमच्या अब्बाजींची नाही. आण्णांचा पोस्टकार्डाचा नियमही सांगितला. मला वाटलं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फेट्याच्या सोग्यानं पेटीवरची वाळू पुसली. लग्नाला पाच दिवस होते. तासलेलं लाकूड परत कसं आणायचं? प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवायचे, हा एकच उपाय. पण त्या लाकडानं आता आटता कामा नये. इथलंच हवं, आणि चांगलं जुनं.

"मला असं लाकूड द्या," मी म्हटलं, "जे तुमच्या घरात तुमच्याइतकंच म्हातारं झालंय."

मुरादखाँनी इकडंतिकडं पाहिलं. मग ज्या खाटेवर बसले होते तिच्यावरून उठले. खाट रोहिड्याची होती. रोहिडा म्हणजे या वाळवंटातलं झाड, लाकूड तांबूस आणि घट्ट. त्यांच्या लग्नातली खाट.

हवाबाई आतून ओरडली, "और सोसी कठै?" (आणि झोपणार कुठं?)

"जमीन पर," मुरादखाँ म्हणाले आणि खाटेच्या दोऱ्या सोडायला बसले.

पुढचे चार दिवस मी जेवले कधी ते आठवत नाही. सर्जेराव खाटेच्या लांब दांड्या कापत होते, मी रंध्यानं कागदासारखे पापुद्रे काढत होते आणि हवाबाई चिकटवायचा सरस तापवत होती. तिनं तोंडाचा पट्टा एकदाही थांबवला नाही, पण सरसही एकदाही करपू दिला नाही. मुरादखाँ एकेक पट्टी बोटांत धरून बसायचे, सरस धरेपर्यंत. चुलतभाऊ दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा तोही मांडी घालून बसला आणि पट्ट्या धरू लागला. चौथ्या दिवशी पट्ट्या बसवल्या, एकीला एक खेटून.  प्रत्येक पट्टीला मला वाटत होतं, आता आण्णांची टपली बसणार.

शेवटची, सगळ्यात वरच्या सुराची पट्टी हातात घेतली तेव्हा मुरादखाँनी विचारलं, "बहनजी, और बिरखा (पाऊस) आ गई तो?"

"तर सगळ्या अडकतील. एकही हलणार नाही."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, "मग असं करा. ही शेवटची पट्टी तुमच्या वडिलांची. तिला फट ठेवा. इतक्या वर गाणं जातच नाही. आमच्याकडं बिरखा येईल न येईल, पण तिच्यासाठी थोडी जागा असू द्या."

मी पाकिटातून आण्णांचं जुनं पोस्टकार्ड काढलं आणि त्या एका पट्टीला फट ठेवली.

लग्न जजमानाच्या चौकात, दिवेलागणीला. मी आणि हवाबाई बायकांच्या बाजूला भिंतीशी बसलो होतो, सर्जेराव फेटा बांधून पुरुषांत. समोर थोरले दाता, काठीवर हनुवटी टेकवून. मुरादखाँनी भाता भरला आणि थांबले.  पेटीतून आवाज नाही, फुसफुस नाही, काहीच नाही. गप्प पेटीची एवढी धास्ती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मग त्यांनी काळी दोन दाबली आणि एकच सूर निघाला. स्वच्छ, भरलेला. त्याच्या मागून त्यांचा आवाज आला, वर गेला, आणखी वर गेला, आणि पेटी कुठंही मागं राहिली नाही. शब्द मला कळत नव्हते. माझ्या शेजारची नवरीची आत्या रडत होती म्हणून मीही रडले, आणि मला रडायला माझं स्वतःचं कारणही होतं.

गाणं संपल्यावर थोरल्या दातांनी डोळे उघडले. म्हणाले, "ही तर तुझ्या बापाच्या हातची पेटी वाजली." मुरादखाँनी पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. मग भिंतीकडं बघून मलाही मान लववली. चुलतभावानं नंतर आपली बॅटरीची पेटी काढली आणि दोघे मिळून जेवणं होईपर्यंत वाजवत राहिले.

उरलेल्या दहा पेट्या करायला महिना लागला. त्यात ती खाट पायांसकट संपली. निघायच्या आदल्या दिवशी सर्जेराव सकाळपासून पाना घेऊन गाडीत काहीतरी खुडबुडत होते. बघते तर त्यांनी स्ट्रेचर उचकटलं होतं. त्याला खाली चार लाकडी पाय ठोकले आणि ते मुरादखाँच्या अंगणात नेऊन ठेवलं.

"एकोणीस वर्षं लई लोकांनी यावर जीव मुठीत धरून वेळ काढलाय," ते मुरादखाँना म्हणाले. "आता यावर कुणीतरी निवांत झोपू दे की."

हवाबाईनं स्ट्रेचरवर बसून बघितलं, उठली, परत बसली. "चोखो," म्हणाली, आणि आत जाऊन तुपाचा डबा घेऊन आली. परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही खाली सतरंजीवर झोपलो. सुरतेला हवा दमट झाली आणि ड्रॉवर पहिल्यांदा कुरकुरला. घरी पोचलो तेव्हा काकूंनी आधी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि मगच विचारलं, "बरं वाटलं का गं आता?" मी म्हटलं, "लई बरं वाटलं काकू."

आषाढात ड्रॉवर ठार बसला. आत काय काय अडकलं होतं, ते अडकू दिलं. माझ्या पुढ्यात मुरगूडच्या भजनी मंडळाची पेटी होती, पट्ट्या फुगलेल्या. पोस्टमन भिजत आला आणि एक पोस्टकार्ड देऊन गेला. हिंदीत लिहिलेलं, शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. वर पत्ता, शेवटी मुरादखाँची अंगठ्याएवढी, मुरडलेली सही.

लिहिलं होतं: बहनजी, परवा बिरखा आली, दोन दिवस पडली. तुम्ही सांगितलं तसंच झालं, सगळ्या पट्ट्या अडकल्या. एक सोडून. दोन दिवस आमच्या घरातले, शेजारच्या घरातले, सगळे पाळीपाळीनं येऊन तीच एक पट्टी वाजवतायत. इतक्या वरच्या सुरात कुणाला गाता येत नाही, तरी गातात. हवाबाईसुद्धा गायली. मी तुमच्या खाटेवर अंगणातच झोपलो, उठलो नाही, सगळा भिजलो. आज ऊन पडलंय. पेटी सुकतेय. एवढ्यात नाही सुकली तरी चालेल.

मी ते दोनदा वाचलं. मग सर्जेरावांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते खिडकीतून बाहेर धो धो पडणाऱ्या पावसाकडं बघत म्हणाले, "आपल्याला ह्याची किंमतच न्हाय बघ."

पत्र ठेवायला ड्रॉवर तर उघडत नव्हता. मी मुरगूडच्या पेटीच्या दोन पट्ट्या रंध्यानं साफ केल्या, परत बसवल्या आणि ते पोस्टकार्ड त्यांच्या मधे घालून बघितलं. बरोबर बसलं. तेव्हापासून आण्णांच्या जुन्या पोस्टकार्डाच्या जागी मी तेच वापरते.